बाबांचा पालक

पालक धुताना ओल्या मातीचा वास आला की वारज्यातली आमची गॅलरी आठवते. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले आणि माझ्या बोगनवेलीशेजारी एका खोक्यात त्यांनी पालक पेरला. पालकाला रोज पाणी आणि थोडी सावली हवी. बोगनवेल मात्र कडक उन्हात, कोरड्या मातीतच फुलते. बाबा दोघांनाही सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी घालत. त्यामुळे फुलं बंद, नुसती पानं. “अहो बाबा, किती वेळा सांगू? तिला तहानलेलंच ठेवायचं असतं!” “तहानलेल्यासमोर तांब्या घेऊन नुसतं उभं राहायचं? मला नाही बुवा जमत.” शेवटी वैतागून, ते झोपलेले असताना, मी खोकं गच्चीवर ठेवून आलो. खरं तर त्या उन्हात बोगनवेल न्यायला हवी होती. बाबांना जिना चढवत नाही, हे मला माहीत होतं. चार दिवसांत पालक करपला. “कीड लागली होती, टाकून दिला,” मी सांगितलं. त्यांनी उरलेलं बी शेजारी देऊन टाकलं. पुढे बोगनवेल लालभडक फुलली. कुणी कौतुक केलं की बाबा म्हणायचे, “आमच्या मुलाच्या हाताला गुण आहे.” ते असेपर्यंत मला खरं सांगता आलं नाही.