मुका माऊस आणि गॉगलवाली बायको

बायको गेली तेव्हा भिंतीवर लावायला घाईत फोटो पाहिजे होता. मुलगा पुण्याहून आला होता, रडत होता, त्याला काही सुचेना. त्याने तिच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. आधार कार्डावर कोणीच बरं दिसत नाही. मी स्वतः बेटम्याच्या बसमध्ये पकडलेला खिसेकापू दिसतो. पण ती अशी दिसते की आत्ताच कोणाचं तरी डोकं फोडून आली आहे आणि अजून एकाचं राहिलं आहे. ते माझं.

वर्षभर मी त्या फोटोखाली बसून जेवलो. भाजीत मीठ जास्त पडलं की वर बघायची हिंमत व्हायची नाही. हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो. मग एक दिवस आंघोळ करताना सहज तिचा चेहरा आठवायला गेलो, तर डोळ्यांपुढे आधारवालीच आली. हसणारी येईचना. पाणी गार झालं तरी मी तसाच बसलो. जिच्याशी इतकी वर्षं संसार केला त्या बाईला भिंतीवरची ही बाई खाऊन टाकत होती.

तेव्हा ठरवलं की वर्षश्राद्धाच्या आधी फोटो बदलायचा. कोणता, तेही ठरलं होतं. आमच्याकडच्या लालबागच्या मेळ्यात तिने गॉगल घेतला होता, तो कपाळावर चढवून भुट्ट्याचा कीस खात ती हसत होती तो. मुलाकडे तिचे फोटो आहेत, पण त्याच्या लग्नातले. त्यात ब्यूटी पार्लरवालीने तिला असा चुना फासला आहे की ती मला ओळखू येत नाही. मेळ्यातला फोटो फक्त कॉम्प्युटरात होता.

कॉम्प्युटर मुलाचा जुना. तो पुण्याला गेला आणि डबा आमच्या गळ्यात टाकून गेला. मी पाचवीपर्यंत शिकलेला, सारी उमर सुदामा नगरात पिठाची चक्की चालवली. मला त्यातलं काही येत नव्हतं. ती मात्र शिकली. भजनमंडळाचे फोटो त्यात भरायची, पत्ते खेळायची, हरली की डब्याला बोलायची. चालू कसा करायचा, पासवर्ड काय आणि तिचे फोटो कुठे, एवढं तिने माझ्याकडून घोकून घेतलं होतं.

तर मी चालू केला. पडद्यावर कुठला तरी परदेशी डोंगर आला, खाली पासवर्डची चौकट आली, आणि तिथेच सगळं मुकं झालं. माऊस सरकवला तर बाण हलेना. कीबोर्ड बडवला तर अक्षर उमटेना. सुरुवातीला माऊसच्या पोटातला लाल दिवा लागायचा, डोंगर आला की विझायचा. बंद करून पुन्हा चालू केला. दिवा, डोंगर, अंधार. दर वेळी तेच.

मुलाला फोन लावला. माझा फोन बटणांचा, त्याला काही दाखवता येत नाही.

"बाबा, वायर दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा."

"पोर्ट म्हणजे भोक ना?"

"हो, भोक."

माऊसची आणि कीबोर्डची भोकं अदलाबदल केली. दिवा, डोंगर, अंधार.

"राहू द्या बाबा. श्राद्धाच्या आदल्या दिवशी येतोच आहे, तेव्हा बघतो."

"आदल्या दिवशी येऊन काय करशील? फ्रेमवाला काय तुझा सासरा आहे, बसल्या बसल्या करून द्यायला?"

"मग आहे तोच फोटो ठेवू या ना. काय वाईट आहे त्यात?"

मी फोन ठेवून दिला. पुण्यात राहून त्याला काय कळणार. त्याच्याकडे ती रोज डोळे वटारत नाही.

शेजारी एक गृहस्थ आहेत, दफ्तरातून रिटायर झालेले. आयुष्यभर कॉम्प्युटरसमोर बसले, म्हणजे त्यांना येत असणार असं मी धरून चाललो. ते आले, चष्मा पुसला, डोंगर पाहिला.

"भिया, हे नैनीताल आहे."

"नैनीताल गेलं चुलीत. माऊस बघा."

त्यांनी माऊस उलटा केला, फुंकला, कानाशी धरून हलवला. मग म्हणाले, "कीबोर्डात कचरा असतो कधी कधी." मी पेपर पसरला आणि आम्ही कीबोर्ड उलटा धरून ठोकला. आतून शेव पडली. बारीक शेव, लौंगवाली शेव, मिक्चरमधला एक आख्खा दाणा. मग अक्षता. मग तिची एक टिकली.

टिकली मी उचलून खिशात टाकली. शेजाऱ्यांनी पाहिलं आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "शेव अच्छी क्वालिटीची दिसते."

"खा मग."

"नाही हो, जुनी आहे."

साफ कीबोर्ड लावला. दिवा, डोंगर, अंधार. तेव्हा त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि डॉक्टरसारखं तोंड केलं.

"आता एकच इलाज. फॉरमॅट मारायला लागेल."

"त्याने चालू होईल?"

"एकदम नव्यासारखा. आतलं सगळं पुसलं जातं ना."

"फोटो?"

"ते पण जातील. पण माऊस चालेल."

"चालवून करू काय? त्या डोंगरावर फिरायला नेऊ?"

"नाराज नका होऊ भिया, मी तर उपाय सांगितला."

चहा पाजून त्यांना वाटेला लावलं आणि मी डब्यासमोर बसून राहिलो. कॉम्प्युटर मला कळत नाही, पण बिघडलेली चक्की कळते. चक्की अडली की दगडाला शिव्या देण्यात अर्थ नसतो. काल चालत होती ना, मग मध्ये कोणी हात लावला, हे आधी विचारायचं. हा डबा शेवटी कधी चालला होता? नवरात्रात मुलगी आली होती, तिने त्यावर आरत्या लावल्या होत्या. नंतर हात कोणी लावला?

मीच. खंडेनवमीला.

आमचे पणजोबा संस्थानाच्या फौजेत होते. तलवार केव्हाच गेली, पूजा राहिली. नवमीला घरातलं प्रत्येक हत्यार, औजार पाटावर येतं, आणि आमच्या घरची रीत अशी की जोडलेल्या वस्तूची पूजा करायची नाही. सगळं सुटं करून मांडायचं. चक्की होती तेव्हा मी तिचा पट्टा उतरवून ठेवायचो. कॉम्प्युटर आला तशी बायको त्याच्याही सगळ्या वायरी काढून, पुसून, माऊसला झेंडू वाहायची. मी म्हणायचो, "अगं, हे काय हत्यार आहे?" ती म्हणायची, "तुमची चक्की हत्यार, माझा माऊस नाही का?"

यंदा ते माझ्या अंगावर आलं. मी सगळं काढलं, पुसलं, हळदकुंकू वाहिलं आणि दसऱ्याला परत जोडलं. जोडताना पाहिलं की पुढच्या बाजूला दोन भोकं छान निळी आहेत, अजून चकचकीत, कोणी वापरलेलीच नाहीत. मागची काळी, धुळीने भरलेली. मला वाटलं, चांगली सोडून ही बाई खराबमध्ये का लावायची? लावल्या मग निळ्यात.

डबा ओढून त्याची पाठ खिडकीकडे केली आणि वाकून पाहिलं. पुसताना मी पाठीला कपडाच लावला नव्हता, नशीब. मागे काळ्या भोकांची रांग होती आणि त्यातल्या दोघांच्या डोक्यावर कुंकवाचं बोट. वाळलेलं, काळपट पडलेलं, पण दरवर्षी त्याच जागी लावून जाड झालेलं. बाकी कुणाला नाही, फक्त त्या दोघांना. मला वाटायचं, ही मशीनला सवाष्ण करते आहे. ती खूण करून ठेवत होती.

वायरी तिथे लावल्या. दिवा लागला. डोंगर आला. दिवा तसाच राहिला. बाण हलला. निळ्यात काय खोट होती ते मुलाने नंतर फोनवर समजावलं, नव्या जातीची ती भोकं आतल्या जुन्या प्रोग्रामला ओळखू येत नाहीत असं काहीतरी; मला कळलं नाही, मी हो हो म्हटलं.

पासवर्ड एका बोटाने टाकला आणि ती उघडली. गॉगल कपाळावर, गाल फुगलेला, तोंडात कीस, आणि हसताना तो सांडू नये म्हणून हनुवटीखाली धरलेला हात. मी पडद्याला म्हटलं, "सापडलीस का शेवटी." आणि मग बराच वेळ काही दिसलं नाही, चष्मा ओला झाला होता.

शेजाऱ्यांनी तो फोटो काढून दिला, पेन ड्राइव्हवर. एवढं त्यांना खरंच येतं. फ्रेमवाल्याने तो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "दादाजी, कोने में किसी की उंगली आ गई है. हटा दूँ?"

मी म्हटलं, "रहने दो. मेरी है."

वर्षश्राद्धाला गुरुजी भिंतीकडे बघून जरा थांबले. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, हार नेमका गॉगलवर येतोय." मी म्हटलं, येऊ दे. त्या दिवशी भाजीत मीठ जास्त झालं होतं. मी वर बघून जेवलो.