मुलं नसलेला फोटो

नोकरीतल्या कितीतरी केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, पण कोपरच्या लेझीम पथकाची ती घटना आजही लख्ख आठवते. नावं कोणाचीच सांगणार नाही. बहुतेकांची गरज नाही, आणि एक नाव कधीच सांगणार नाही असा मी शब्द दिलेला आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी डोंबिवलीत फौजदार होतो. गणपती जवळ आले की आमच्या पोलीस स्टेशनात मंडळांच्या परवानग्या, मिरवणुकीचे मार्ग आणि लाऊडस्पीकरवरून भांडणं यांचा नुसता बाजार भरायचा. अशाच एका सकाळी मासळीची टोपली पायरीवर ठेवून एक म्हातारी कोळीण आत आली. मूळची खाडीकाठची, आता कोपरच्या एका चाळीत लेकीकडे राहणारी.

"सायेब, माझे नातीला काय तरी झायलंय," ती म्हणाली. "लेझीम म्हनजे तिचा जीव. आता सर बोलवायला आला का मोरीन जाऊन बसते. तिची आयस बोलते पोटान दुखतंय. मना नाय पटत."

सर म्हणजे त्याच चाळीतला एक भाडेकरू. मध्यमवयीन, एकटा, नीटनेटका. मुलांचं लेझीम पथक त्यानंच उभं केलं होतं आणि चाळ त्याच्यावर बेहद्द खूश होती. संध्याकाळी पोरं कोणी फुकटात सांभाळत असेल तर कोण नाखूश होईल?

पुराव्याच्या नावानं शून्य. "आजी, मुलं रुसतात," असं म्हणून तिला वाटेला लावणं सोपं होतं. पण विक्रीची वेळ सोडून कोळीण पोलीस स्टेशनची पायरी उगाच चढत नाही, एवढं मला त्या भागात राहून कळलं होतं.

लहान मुलाला जबाबासाठी पोलीस स्टेशनात बोलवायचं नाही, हा कायदा तेव्हाही होता. आमच्याकडे साताऱ्याकडच्या एक महिला हवालदार होत्या. त्यांना साध्या साडीत आजीच्या घरी पाठवलं आणि मी बाहेर गॅलरीत थांबलो. बाईंनी आल्या आल्या प्रश्न विचारलेच नाहीत. आजी, त्या आणि ती लहानगी अशा तिघी सुपात सुकट निवडत बसल्या. हात कामात आणि नजर सुपात असली की मूल बोलतं, हे मी त्या दिवशी शिकलो. पोर हळूहळू बोलू लागली. काय सांगितलं ते इथं लिहिणार नाही. लेझीम द्यायच्या निमित्तानं सर एकेका मुलीला खोलीत बोलवायचा आणि दार लावायचा, एवढं पुरे.

सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "आता माझ्यामुळे सगळ्यांचं लेझीम बंद होणार?"

त्यानंच तिला तसं बजावलं होतं. तू बोललीस तर पथक मोडेल आणि सगळी मुलं तुझ्याशी कट्टी करतील. मी दारातच खाली बसलो आणि म्हणालो, "लेझीम बंद होणार नाही. आणि तुझं नाव कोणाला कळणार नाही. शब्द देतो."

मुलीच्या आईची फिर्याद नोंदवून त्याला ताब्यात घेतलं. थोड्याच वेळात चाळीचे अध्यक्ष हजर. बँकेत नोकरी करणारा भला माणूस, पण घाबरलेला.

"साहेब, गणपती तोंडावर आलेत. तो खोली सोडून जायला तयार आहे. इथल्या इथे मिटवून टाकू ना. मुलगी कोणाची का असेना, बदनामी तिचीच होणार."

"आणि तो जाईल कुठे?"

"कुठेही जाऊ दे, साहेब. आपल्या चाळीत नको."

चौकशीत तो गडी एकदम शांत. उलट मलाच म्हणाला, "मी आधी मोहन्याला एका चाळीत राहायचो. तिथेही पथक चालवलेलं. विचारा जाऊन. निरोप समारंभ केला त्यांनी माझा. फोटो लावलाय खोलीत."

खोलीचा पंचनामा करताना तो फोटो पाहिला. अंगावर शाल, हातात श्रीफळ, दोन्ही बाजूंना तिथली कर्ती मंडळी. एक पंच हळूच म्हणाला, "साहेब, असा माणूस..." मी फोटोच बघत होतो. मुलांना लेझीम शिकवणाऱ्याचा निरोप, आणि फोटोत एकही मूल नाही! आपल्याकडे फोटोग्राफर आला की पोरं हाकलली तरी हटत नाहीत. इथं त्यांना कोणीतरी घरात ठेवलं होतं. शिवाय सत्कार होतो तो निवृत्तीचा किंवा बदलीचा. याची नोकरी होती तिथेच होती, बदलली होती ती फक्त खोली.

दुसऱ्या दिवशी हवालदार बाईंना घेऊन मोहन्याला गेलो. आजीही हट्टानं बरोबर आली. हे कोणत्या नियमात बसत होतं मला माहीत नाही, पण तिला नाही म्हणायची माझी टाप नव्हती. तिथली मंडळी "फार सज्जन गृहस्थ" असं जमिनीकडे बघत सांगत होती. शेवटी एका घरात एक आई भेटली. तीही जमिनीकडेच बघत होती. आजी तिच्या शेजारी जाऊन बसली.

"बाय, तुला दोष नाय देत मी," ती म्हणाली. "पन तुमी गप राहिल्या, तो आमचेकडं आला. आता मी गप राहिली तं कुनाकडं जाईल?"

ती बाई ढसाढसा रडली. "आम्हाला वाटलं, गेला म्हणजे सुटलो. नुसता हाकलला असता तर लोकांनी विचारलं असतं, का हाकलला म्हणून. मग सत्कार करून पाठवला."

म्हणजे एका चाळीनं शाल पांघरवून त्याला दुसऱ्या चाळीकडे धाडलं होतं. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. तिनं जबाब दिला, आणि ते पाहून शेजारणीनंही दिला.

परत आल्यावर मी त्याच्यापुढे फोटो ठेवला आणि एवढंच विचारलं, "यात मुलं कुठे आहेत?" प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारा तो माणूस मान खाली घालून एकेक गोष्ट कबूल करू लागला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. कोर्टात उभ्या राहिल्या त्या आयांच्या साक्षी. पुढे ठाण्याच्या कोर्टात, बंद दालनात, खटला चालला आणि त्याला शिक्षा झाली.

पण त्या गणपतीत माझा अर्धा शब्द अजून बाकी होता. चाळीनं बैठक घेऊन यंदा लेझीम नको असं ठरवत आणलं होतं. मी त्या बैठकीत उठून म्हणालो, "मुलांचा काय गुन्हा? शिक्षा त्यांना का?" मग अध्यक्षच उभे राहिले. "मी मिटवायला निघालो होतो," ते म्हणाले. "आता पथक मीच चालवतो. पण पटांगणात, सगळ्यांसमोर. लेझिमी माझ्या दारात राहतील."

शिकवणार कोण? हवालदार बाई म्हणाल्या, "मी शाळेत असताना खेळलेय की." रोज दोन आया आळीपाळीनं कठड्यावर बसू लागल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका येऊन मुलांना सांगून गेल्या, की कोणी गुपित ठेव म्हणालं तर ते आधी घरी सांगायचं. आजी टोपली रिकामी करून यायची आणि ज्याचा ताल चुकेल त्याला यथेच्छ शिव्या घालायची.

या केसनं मला शिकवलं ते एवढंच. गुन्हेगाराला पकडायला पोलीस लागतो, पण मूल सांभाळायला पटांगणभर माणसं लागतात, आणि त्यांनी मिटवून टाकायची सवय सोडावी लागते.

विसर्जनाच्या दिवशी मंडळानं मला शाल द्यायचं ठरवलं होतं. मी हात जोडले आणि म्हणालो, "शाल नको. फोटो काढा, आणि सगळ्या मुलांना बोलवा."

तो फोटो आजही माझ्या दिवाणखान्यात आहे. मी मागे कुठेतरी, टोपीचं टोक तेवढं दिसतं. पुढे लेझिमी उंचावलेली गुलालानं माखलेली पोरं, दात काढून हसणारी. घरी आलेला माणूस कधीतरी विचारतो, यातली ती कोण. सगळ्याच सारख्या हसताहेत, मी तरी कसं सांगू?