राखीव कोपरा

ईरप्पा कंडक्टरला रस्ते कळायचे ते भुतांवरून. बाकीचे लोक किलोमीटरचे दगड बघतात, हा गडी पिंपळ, पडकी विहीर आणि ओढ्यावरचा फरशीपूल बघायचा. "मुंजाचा पिंपळ आला, उतरा की कोण हाईत ते," अशी हाळी त्याने एकदा भर गाडीत दिली होती आणि उतरणारे निमूट उठले होते. एसटीतली सगळी नोकरी गेली अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी याच भागात. गाडीत माणसं शेजारी बसली की बोलतात, आणि पाऊसपाणी, सोयरीक, भाव असं सगळं बोलून झालं की हमखास भुतांवर येतात. मराठीत सुरू झालेली हडळ मैंदर्गीच्या पुढे कानडीत संपायची. ईरप्पा मूळचा मैंदर्गीचाच, दोन्ही भाषा त्याच्या घरच्या, त्यामुळे त्याच्या वाट्याचं एकही भूत अर्धवट राहिलं नाही.

मग तो निवृत्त झाला. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याने आईवडिलांसाठी सोलापूर शहरातल्या 'जुळे सोलापूर' या नव्या वस्तीत फ्लॅट घेऊन दिला. फ्लॅट झकास, लिफ्टसुद्धा चालू. पण शेजार सगळा पगारदार, सकाळी गाडीला किक मारून जाणारा आणि संध्याकाळी दार लावून घेणारा. ईरप्पाच्या पोटात एवढी भुतं, आणि ऐकायला कुत्रं नाही. बायको होती, वच्छला. पण तिची ती सगळी ऐकून पाठ झालेली. त्याने "एकदा काय झालं," म्हटलं की ती "साकु" म्हणायची. कानडीत साकु म्हणजे पुरे, आणि वच्छलाने साकु म्हटलं की खरंच पुरे व्हायचं.

अशात सोसायटीच्या हॉलमध्ये वैजयंतीबाईंनी रविवारचा चित्रकलेचा वर्ग काढला. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या शिक्षिका, हौस दांडगी. ज्येष्ठांना जलरंग शिकवायचे म्हणाल्या. ईरप्पा गेला तो हॉलमधल्या मोठ्या पंख्यासाठी आणि वर्गानंतर मिळणाऱ्या चहासाठी, हे त्याने कधी लपवलं नाही. पहिल्या रविवारी आंबा काढायचा होता. ईरप्पाचा आंबा बघून बाई म्हणाल्या, "भोपळा छान आलाय." पुढच्या खेपेला त्या म्हणाल्या, "मनातलं काहीतरी काढा." मनात काय होतं ते आपण वर बघितलंच. त्याने कागद ओला केला, निळा रंग सोडला, आणि रंग असा काही पसरत गेला की पिंपळ आपोआप झाला. त्यावर शेंडीवाला मुंजा बसला, पाय हलवत. जलरंगाचं हेच ईरप्पाला भावलं. रंग आपल्या मर्जीने चालतो, आपण फक्त वेळेवर घंटी मारायची.

चित्र घरी आलं आणि वच्छलाने कमरेवर हात ठेवले. "अय्यो! हे घरात ठेवायलाव तुमी?"

"चित्र हाय ते."

"मुंजा हाय तो. मला दिसत न्हाय व्हय?"

बरीच घासाघीस झाली. अखेर तह ठरला, आणि अट वच्छलाने घातली. "काढा काय काढायचं ते. पण खालचा कोपरा माझा. तितं मी काहीतरी शुभ काढणार." ईरप्पाने लगेच मान डोलावली. भूत म्हटल्यावर त्याला बांधून ठेवायला चिन्ह हवंच, असं तो धरून चालला. बायको भित्री आहे, असंही धरून चालला.

तेव्हापासून घरात एक पद्धत पडली. चित्र सुरू करण्याआधी ईरप्पा उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी चिकटपट्टी लावायचा. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागदाचाच पांढरेपणा. एकदा त्यावर रंग चढला की तो परत येत नाही, हे वैजयंतीबाईंनी सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसवलं होतं. चित्र वाळलं की पट्टी काढायची, आणि कागद वच्छलापुढे ठेवायचा. ती बारीक कुंचला गेरूत बुडवायची आणि जन्मभर रांगोळी घातलेल्या हाताने दोन श्वासांत काम उरकायची. पाणीसुद्धा तीच द्यायची, पिण्याच्या हंड्यातलं तांब्याभर. नळाला चार-चार दिवस पाणी नाही अशा सोलापुरात हा केवढा मान! बोअरचं पाणी वापरलं तर क्षाराचे पांढरे डाग पडतात आणि हडळीला नायटा झाल्यासारखा दिसतो, हे दोघांनी अनुभवानं जाणलं होतं.

तिची चिन्हं मात्र ईरप्पाला कोड्यात टाकायची. मुंजाला तिने तुळशीवृंदावन दिलं, पणतीसकट. उलट्या पायांची हडळ काढली, तर तिच्या कोपऱ्यात फणी आणि करंडा. देवळाच्या दगडावर असतो तसा दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी काढला, तर खाली एक सूर्य आणि एक चंद्र. "एकेकाला एकेक," ती म्हणाली, "भांडायला नको." विहिरीतल्या आसरांना, म्हणजे पाण्यातल्या बायांना, गोपद्मं, गाईची पावलं. ईरप्पा म्हणायचा, "अगं, त्रिशूळ काढ की एखादा. शंख काढ, चक्र काढ. दणका पायजे भुताला."

"मला त्रिशूळ येत न्हाय," ती म्हणायची. शेजारच्या दारात शिवरात्रीला हातभर त्रिशूळ हिनेच काढला होता, हे ईरप्पाच्या ध्यानात आलं नाही. कंडक्टरची नजर नेमकी बिनतिकिटाच्या माणसावर जाते, घरच्यांवर नाही.

असं वर्षभर सुरळीत चाललं आणि मग चकव्याने घात केला.

चकवा म्हणजे वाट चुकवणारा. माणूस घराकडे निघतो आणि त्याच त्याच बांधाला पुन्हा पुन्हा येतो. ईरप्पाने तिन्हीसांजेचा करडा जांभळा रंग सबंध कागदावर सोडला, त्यातून एक पायवाट वळवली, आणि वळणावर धुक्यासारखं कुणीतरी उभं केलं, तोंड नसलेलं. चित्र इतकं जमलं की वर्गातल्या लोकांनी चहा तसाच ठेवला. वैजयंतीबाई तर हरखूनच गेल्या. "पुढच्या महिन्यात आपलं प्रदर्शन आहे ना, हे मधोमध लावणार. पण ईरप्पा, तुमची सही कुठाय? चित्रकार सही करतो. घ्या कुंचला."

ईरप्पाने नुकतीच पट्टी काढली होती. सगळा कागद सांजेनं भरलेला, मोकळी जागा एकच, पांढरी स्वच्छ. सगळे बघत होते. कुणीतरी "चित्रकारसाहेब" म्हणालं. ईरप्पाच्या डोक्यात हवा गेली, दुसरं काय! डेपोत रोज ठोकायचा तशी लफ्फेदार सही त्याने त्या कोपऱ्यात ठोकली. टाळ्या झाल्या.

घरी वच्छला तयारीत बसली होती. गेरू डबीच्या झाकणात कालवलेला, कुंचला धुतलेला. तिने चित्र हातात घेतलं, बराच वेळ बघितलं, मग नजर खाली कोपऱ्यात गेली.

"जागा भरली म्हणायची," ती म्हणाली, आणि डबीला झाकण लावून टाकलं.

भांडली असती तर बरं झालं असतं. जेवायला भाकरी वाढली, शेंगाचटणीवर दही घातलं, आणखी हवंय का विचारलं. पण पुढच्या चित्राला कोपरा सोडून कागद पुढे ठेवला तर म्हणाली, "मला कामं हाईत." त्याच्या पुढच्या चित्रालाही तेच. "तुमची भुतं, तुमी बघा."

ईरप्पाने इलाज केले. ओल्या फडक्याने सही पुसायला गेला, कागदाला लव सुटली आणि सहीच्या जागी चिखलाचा डाग राहिला. त्यावर स्वतः गोपद्म काढलं, ते बेडकासारखं झालं. शेवटी चित्र कपाटामागे ठेवलं, तर रात्री मध्येच जाग यायला लागली. शेजारी वच्छला मात्र गाढ झोपलेली. चिन्हाशिवायचा चकवा घरात मोकळा, आणि भित्री बायको घोरतेय! ईरप्पाला हे काही पटेना.

उलगडा झाला तो एसटीत. मैंदर्गीला एका बारशाला निघाला होता. खिडकीच्या वर 'महिलांसाठी राखीव' लिहिलेलं, आणि खाली एक तरणाबांड पोरगा मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला. बाजूला एक बाई गाठोडं घेऊन उभी. कंडक्टर मुलगी आली, तिने नुसतं वर बोट दाखवलं. पोरगा म्हणाला, "मोकळी होती म्हणून बसलो."

"मोकळी न्हाय," ती म्हणाली. "राखीव हाय."

ईरप्पाचे कान लाल झाले. हेच वाक्य त्याने आयुष्यभर म्हटलं होतं. दांडगे दांडगे गडी त्याने त्या सीटवरून उठवले होते, एकदा तर एका पुढाऱ्याला. आणि घरी येऊन स्वतःच बायकोच्या राखीव जागेवर मांडी ठोकून बसला होता, वर टाळ्या घेऊन! बारशाचे घुगऱ्या-पेढे त्याला काही गोड लागले नाहीत.

परतल्यावर त्याने चपलासुद्धा काढल्या नाहीत. "वच्छे, चुकलं माझं. तो कोपरा तुझा होता."

वच्छला शेंगा निवडत होती. "कळलं व्हय," ती म्हणाली.

"पण एक सांग. चकवा घरात हाय, त्याला बांधायला चिन्ह न्हाय, आन तुला भ्या कसं वाटत न्हाय?"

तिने मान वर केली आणि ईरप्पाकडे असं बघितलं, जणू तो चुकीच्या गाडीत बसलाय. "बांधायला? कुणी सांगितलं बांधायला? मुंजा पोरगं हाय, लग्नाआधी गेलेलं. त्याच्याम्होरं कुणी पणती लावत न्हाय, म्हणून लावली. हडळीला कोण इचारतंय, तुझं केस इंचरलंस का म्हणून? एकटी असत्यात ओ सगळी. सोबत नको?"

ईरप्पाने आता कुठे चपला काढल्या.

"तुमी मुक्कामी गाडीला जायचाव," ती शेंगांकडे बघत म्हणाली. "गाडी तितंच राहायची, तुमी तितंच. लेकरू पोटाशी, मी एकटी. दिवेलागणीला दारात मी हेच काढायची. पणती, करंडा, चंद्र-सूर्य. भुताच्या भ्यानं न्हाय. कुणीतरी हाय असं वाटायचं. तुमी पहाटेच्या गाडीनं यायचाव आन त्यावरनंच घरात यायचाव, पाय देऊन."

तो इतकी वर्षं गावोगावची भुतं गोळा करत होता, आणि आपल्याच उंबऱ्यात काय काढलेलं असतं ते त्याने कधी बघितलं नव्हतं. ईरप्पाला मनापासून लाज वाटली. तो तिच्याशेजारी शेंगा निवडायला बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यात मोठा कागद काढला. पट्टी लावली नाही. उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, काडेपेटीएवढ्या जागेत, चकवा पुन्हा काढला. तेवढीशी सांज, तेवढीशी वाट, आणि वळणावर ते बिनतोंडाचं धुकं, नखाएवढं. बाकी कागदाला त्याने पाण्याचा थेंबसुद्धा लागू दिला नाही. गेरूची डबी, कुंचला, तांब्याभर हंड्यातलं पाणी असं सगळं मांडून कागद वच्छलापुढे ठेवला.

"येवढा कागद रिकामा?"

"रिकामा न्हाय. राखीव हाय."

वच्छला हसली नाही. पण दुपारची भांडी तशीच ठेवून बसली. शंख, कमळ, नागाची जोडी, पाळणा, पोपट, सूर्य, चंद्र, आरसा, करंडा, एकेक उतरत गेलं. अंगण असावं तसा कागद भरला. शेवटी तिने गोपद्मं काढली, गाय संध्याकाळी घरी येते तशी रांगेने. ती चकव्याच्या कोपऱ्यातून निघाली आणि मधल्या तुळशीपर्यंत गेली. जन्मभर दुसऱ्याची वाट चुकवणाऱ्याला तिने घरची वाट काढून दिली.

प्रदर्शनात हेच चित्र मधोमध लागलं. वैजयंतीबाईंनी चष्मा लावून चारी कोपरे तपासले. "सही नाही केलीत?"

"नगं," ईरप्पा म्हणाला. "मागच्या खेपेला सहीनंच घोळ घातला."

लोक येत होते, वाकून तो इवलासा चकवा शोधत होते, बोटानं पावलांचा माग काढत होते. वच्छला समोरच्या बाकावर नव्या इरकल साडीत अवघडून बसली होती, आणि ईरप्पा चित्रापाशी उभा होता, सकाळपासून, एका हाताने खांब धरून, गाडीत उभा राहायचा तसाच. एक गृहस्थ त्याला म्हणाले, "वा! चित्र आपलं का?"

"त्यांचं," ईरप्पाने बाकाकडे बोट केलं. "सीट त्यांची हाय. मी आपला उभारून आलोय."

गृहस्थांना काही कळलं नाही. पण बाकावर वच्छलाला ऐकू गेलं होतं. तिने पदर सावरला, पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जरा सरकली.

"या की," ती म्हणाली. "लई येळ उभारलाव. बसा आता हितं."