छत्रीचं तोंड दक्षिणेकडे

सामना सकाळी नऊला सुरू होणार होता. साडेसात वाजता मी तळ्याकाठच्या ओल्या गवतात गुडघे टेकून तिपाई सपाट करत बसले होते. तिपाईच्या मधल्या दांड्याला एक छोटीशी काचेची नळी असते आणि तिच्यात पाण्याचा बुडबुडा. तो दोन रेघांच्या बरोबर मध्ये यावा लागतो. माझा येत नव्हता.

या आधी मी टीव्हीची डिश एकदाही लावली नव्हती. आम्ही तिला छत्री म्हणायचो. आर.व्ही., म्हणजे आमचं चाकांवरचं घर, घेतल्यापासून कुठल्याही कॅम्पिंगला गेलं की नवरा आधी छत्री लावायचा आणि मग पाणी, वीज वगैरे जोडायचा. माझं काम आत बसून टीव्हीच्या पडद्यावरचा सिग्नलचा आकडा ओरडून सांगायचं. शून्य, शून्य, बावीस. मांडीवर पुस्तक उघडं असायचं. दोन ओळी वाचून मी मान वर करेपर्यंत त्याचा हात पुढे गेलेला असायचा. मग तो खिडकीशी येऊन विचारायचा, "अगं, बावीस कधी होतं?" मी म्हणायचे, "मघाशी."

मे महिन्यात तो गेला. ऑक्टोबर उजाडला तरी आर.व्ही. घराच्या बाजूला तशीच उभी होती. अखेर मी ती विकायला काढली. बुधवारी लोक न्यायला येणार होते. गुरुवारी सासऱ्यांचं नागपूरचं विमान होतं. ते एक्याऐंशी वर्षांचे, वीजखात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. मुलगा गेल्याचं कळल्यावर चौथ्या दिवशी इथे प्लेनोला, आमच्या घरी पोचले. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे दहाव्यापासून तेराव्यापर्यंतचं सगळं त्यांनीच केलं. मग पाच महिने राहिले. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून संध्याकाळी परत यायचे तोवर त्यांनी तांदूळ धुऊन ठेवलेले असत. आम्ही समोरासमोर बसून जेवायचो. त्याच्याबद्दल बोलायचो नाही. दोघांनाही ते जमत नव्हतं.

आदल्या आठवड्यात मात्र ताट बाजूला सारून ते म्हणाले, "बेटा, गाडी जायच्या आधी एक मॅच तिच्यात बसून बघायचीय. तो बघायचा तशी."

भारताचा सामना असला की बापलेक फोन लावून बसायचे. हे नागपूरला रात्रीच्या जेवणानंतर, तो इथे सकाळी कुठल्या तरी झाडाखाली. नागपुरात चेंडू आधी पडायचा. इथल्या छत्रीतून तोच चेंडू काही सेकंद उशिरा यायचा. त्यामुळे त्यांच्यात एक करार होता की बाबांनी पुढचं सांगायचं नाही. "बाबा, गप्प बसा हं," असं तो दर षटकाला बजावायचा.

"फोनवर लावून देऊ का?" मी विचारलं होतं.

"तो फोनवर बघत होता का?"

"नाही."

"मग? त्याच्या जागेवर बसून त्याला काय दिसायचं, ते बघायचंय. किती उशिरा दिसायचं, तेही. एकदा. पुन्हा काही मी इकडे येणार नाही."

म्हणून शनिवारी दोन तास गाडी चालवून आम्ही या पार्कात आलो होतो. आणि आता रविवार सकाळ.

बुडबुडा मध्ये आला. मी फोनमधलं होकायंत्र उघडून गवतात पुढेमागे फिरले, कारण गाडीच्या लोखंडाजवळ ते खोटं सांगतं. दक्षिण सापडली. त्या बाजूला ओकची दोन झाडं होती आणि त्यांच्यामध्ये आकाशाचा एक मोठा तुकडा. मी छत्री तिपाईवर बसवली, केबल जोडली, कोन ठरवला. बाबा आत टीव्हीसमोर बसले.

"आकडा मोठ्याने सांगा हं, बाबा."

"सांगतो."

बोटभर फिरवायचं आणि थांबायचं. आतल्या यंत्राला कळायला वेळ लागतो. आठ वाजता आतून आवाज आला, "एकसष्ट!" थोडी आणखी फिरवली. "चौऱ्याहत्तर!" मी बोल्ट आवळला. चॅनेल लावायला मी आत गेले तेव्हा बाबा म्हणाले, "जरा हवेवर जाऊन येतो," आणि माझ्या बाजूने पायऱ्या उतरले.

मी रिमोट हातात घेतला. चित्र दिसलं, हिरवं मैदान, दोन माणसं बोलत असलेली. मग चौकोन चौकोन झाले, आणि पडदा काळा. सिग्नल शून्य.

बाहेर आले तर छत्री पूर्वेकडे सरकलेली. बाबा टेबलाशी पाठमोरे उभे होते. मला वाटलं, बोल्ट सैल राहिला आणि वाऱ्याने फिरली. पाना आणून पुन्हा सगळं केलं. आठ वीस. पुन्हा चौऱ्याहत्तर. या वेळी बोल्ट इतका आवळला की तळहातावर वळ उठला. मी आत, बाबा बाहेर. पुन्हा शून्य.

आता मात्र माझा संयम सुटला. ते पायऱ्या चढत होते, मी दारातच उभी राहिले.

"बाबा, आकडा नक्की चौऱ्याहत्तर होता ना? की अंदाजाने सांगताय?"

"चौऱ्याहत्तरच होता."

"मग जातो कुठे? मी बाहेर मरमर करतेय आणि तुम्ही..."

"राहू दे, बेटा. नसेल होत तर राहू दे."

"राहू दे कसं? तुम्हीच म्हणालात ना!"

पाच महिन्यांत मी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. ते बाजूने आत गेले आणि खुर्चीत बसले. मी पाना घेऊन बाहेर आले. बोल्ट जागच्या जागी होता. तिपाईच मुळी फिरली होती. गवतात तिच्या तीन पायांचे जुने खळगे दिसत होते आणि पाय त्यांच्या बाहेर होते. वाऱ्याने तिपाई उचलली जात नाही.

रस्त्यापलीकडच्या मोठ्या आर.व्ही.मधल्या म्हाताऱ्या बाई कुत्र्याला घेऊन उभ्या होत्या. आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला पिशवीभर टोमॅटो दिले होते. त्या जवळ आल्या आणि इंग्रजीत, अगदी हळू म्हणाल्या, "तुझे वडील हलवतात ती. दोन्ही वेळा पाहिलं मी. मला वाटलं तुम्ही दोघं मिळून काहीतरी करताय." त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि कुत्र्याला ओढत निघून गेल्या.

आठ पस्तीस. मी आत गेले. ते काळ्या पडद्याकडे बघत होते.

"बाबा, छत्री तुम्ही हलवलीत?"

"हो."

नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. हो म्हटल्यावर काय करायचं ते कळेना.

"का?"

"तोंड दक्षिणेकडे होतं."

मी त्यांच्यासमोर बसले. तेच पुढे म्हणाले, "मला समजावून सांगू नकोस. उपग्रह विषुववृत्तावर असतो, आपण उत्तरेला. दक्षिणेला तोंड केल्याशिवाय मिळणारच नाही. मला हे कळतं. पण बाहेर आलो, ते तोंड पाहिलं आणि हात गेला. पहिल्यांदा माझं मलाही कळलं नाही."

"आणि दुसऱ्यांदा?"

"कळलं. तरी गेला."

बाहेर कुणाचा तरी जनरेटर सुरू झाला आणि बंद पडला. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मघाशी तू फोन हातात धरून गवतात फिरत होतीस ना, दिशा शोधत? तुमच्या देवळात गुरुजी तसेच फिरले होते. त्या तळघरातल्या खोलीला खिडकी नव्हती. फोन धरून इकडे तिकडे फिरले आणि मग माझी खुर्ची वळवून म्हणाले, काका, ही दक्षिण, आता इकडेच तोंड ठेवायचं. मला मांडी घालता येत नाही म्हणून खुर्ची. समोर भिंत होती आणि भिंतीला आग विझवायचा लाल नळा. त्याच्याकडे बघत मी माझ्या पोराला पिंड दिला. वडिलांना दिला तेव्हा असं काही झालं नव्हतं. ते रीतीचं होतं."

मी तेव्हा त्या खोलीच्या दाराशी बसले होते. मला फक्त त्यांची पाठ दिसली होती.

"नागपूरच्या गच्चीवरची छत्रीही दक्षिणेकडेच आहे, बाबा," मी म्हटलं. "तुम्हीच लावलीत."

"तेव्हा तो होता."

मी पाना ओट्यावर ठेवला. "नाही लावत मग," मी म्हटलं. रागाने नाही. मला खरंच वाटलं की लावू नये. "तुम्हाला त्रास होत असेल तर नको. चहा करते."

चहाचं पाणी ठेवलं. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून मी बघितलं. आठ बेचाळीस.

"पण मग मला कळणार कसं," ते म्हणाले, "त्याला काय दिसत होतं ते?"

मी वळले तर ते उभे राहून चष्मा लावत होते. त्यांनी ओट्यावरचा पाना उचलला. "तू आत बस. आकडा सांग. मी फिरवतो."

"बाबा..."

"गॅस बंद कर आणि आकडा सांग."

मी टीव्हीसमोर बसले. खिडकीतून मला ते दिसत होते. तिपाई उचलून त्यांनी जुन्या खळग्यांत पाय बसवले, बुडबुडा तपासला, दोन्ही हातांनी छत्रीची कड धरली आणि ओकच्या झाडांमधल्या आकाशाकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ त्यांनी ती हलवलीच नाही. मी पडद्यावरून नजर काढली नाही. शून्य. शून्य. शून्य. ते थोडं फिरवत आणि थांबत. इंजिनिअरचा हात, माझ्यासारखी घाई नव्हती. अठरा. त्रेचाळीस. एकसष्ट. प्रत्येक आकडा मी दिसल्याक्षणी ओरडून सांगत होते. चौऱ्याहत्तर. एक्याऐंशी.

"एक्याऐंशी, बाबा! थांबा!"

ते थांबले. बोल्ट आवळला. आत आले, हात धुतले, नवऱ्याच्या खुर्चीत बसले. आठ सत्तावन्न.

नाणेफेक होऊन गेली होती. त्यांनी नागपूरला धाकट्या भावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"दादा! लागली का टीव्ही?" काकांचा आवाज घरभर झाला. "आम्ही तर केव्हाचे बसून राहिलो. सांगू का काय झालं ते?"

"सांगायचं नाही. अजिबात बोलायचं नाही, समजलं? फक्त बस."

"अरे, फोन लावून गप्प कोण बसते? पैसे पडतात का बोलायचे?"

"बस म्हटलं ना."

काका बसले. भारताची गोलंदाजी होती. पहिलं षटक गेलं. दुसरं गेलं. बाबा पुढे झुकून बघत होते, एक कान फोनकडे. तिसऱ्या षटकात गोलंदाज धावायला लागला होता, चेंडू अजून त्याच्या हातातच होता, तेवढ्यात फोनमध्ये काकांनी श्वास आत ओढला. शब्द नाही. नुसता श्वास, आणि खुर्ची करकरल्याचा आवाज. बाबांनी फोनकडे पाहिलं. मग पडद्याकडे. चेंडू पडला आणि फलंदाजाच्या मागे यष्टी उडाली.

मग हळूच, फोनवर जाऊ नये अशा आवाजात त्यांनी मला विचारलं, "हे त्याला ऐकू यायचं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हटलं.

"मी काहीच बोलायचो नाही. तोंडावर हात धरायचो."

"हात धरलेलाही ऐकू यायचा, बाबा."

"दर वेळी?"

"दर वेळी. माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवायचा. आणि मग चेंडू पडला की ओरडायचा."

"केवढ्याने ओरडायचा," ते म्हणाले. "मला वाटायचं, बिचाऱ्याला काही कल्पना नव्हती."

फोनमधून काका म्हणाले, "दादा? अरे, आहेस ना? काही दिसून राहिलं की नाही तुला?"

बाबांचं लक्ष पडद्यावर होतं. नवा फलंदाज चालत येत होता, हातमोज्याची पट्टी नीट करत होता, पायाखालची जमीन ठोकत होता. मी पुन्हा चहाचं पाणी ठेवलं. पुढच्या षटकात गोलंदाज वळला, धावायला लागला, आणि काकांचा श्वास पुन्हा अडकला. बाबांनी मला थांब अशी खूण केली. मी हातातली साखर तशीच धरून उभी राहिले. पाच-सहा सेकंद खोलीत काहीच नव्हतं, फक्त पडद्यावर धावणारा माणूस. चेंडू उंच गेला, सीमेपाशी कुणीतरी मागे मागे सरकत गेला आणि त्याने तो पकडला.

"गेला!" बाबा खुर्चीतून अर्धे उठून फोनवर ओरडले. "अरे गेला रे! बघितलंस का तू? माझा तर विश्वासच बसेना!"

"घ्या," काका म्हणाले. "आत्ता कळलं काय यांना!"