लेकीची डिबेट आणि बापाची स्टन गन

गेल्या गुरुवारी संध्याकाळी, इथे आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, भर सभेत माझ्या लेकीने माझी पार शोभा केली. तेव्हापासून मी छाती फुगवून फिरतोय... का ते सांगतो.

मुक्ता सोळा वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते अस्सल आयरिश इंग्रजीत. यंदा तिच्या शाळेची डिबेट टीम थेट फायनलला पोचली.

विषय सध्या इथे गाजतोय तोच. इथले साधे गार्डा, म्हणजे पोलीस, बंदूक बाळगत नाहीत. आता त्यांना स्टन गन द्यावी का, विजेच्या झटक्याने माणसाला जागच्या जागी आडवं करणारी, आणि ती विद्यार्थ्यांच्या मोर्च्यात वापरू द्यावी का... ऑफिसच्या किचनपासून बसस्टॉपपर्यंत प्रत्येकाला यावर मत आहे.

मलाही होतं. द्या की! आमच्या शेजारणीचा मुलगा गार्डा आहे, मध्यंतरी रस्त्यावरच्या मारामारीत त्याचं नाक फुटलं. रिकाम्या हातांनी या पोरांनी मार तरी किती खायचा?

मुक्ताच्या वाट्याला नेमकी विरोधातली बाजू आली. झालं... रोज रात्रीच्या जेवणाला आमच्याकडे सेमीफायनल. वरण गार व्हायचं, आम्ही दोघं गरम.

त्यातच आणखी एक भानगड होती. कॉलेजच्या मुलांना खोल्यांची भाडी परवडेनात म्हणून शनिवारी डब्लिनला विद्यार्थ्यांचा मोर्चा निघणार होता आणि मुक्ताला मैत्रिणींबरोबर जायचं होतं. मी साफ नाही म्हणालो. आपण बाहेरून आलेली माणसं, गर्दीत काही झालं तर... विषय संपला. ती रडली नाही, दार आपटलं नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पण डिबेटची तयारी मात्र मीच करून घेतली हं! मत गेलं खड्ड्यात, लेक जिंकली पाहिजे. पुण्यात शाळेत असताना मी वक्तृत्व स्पर्धा गाजवल्या आहेत, हे आमच्या घरात सगळ्यांना जरा जास्तच माहीत आहे.

अख्खं भाषण पाठ करून घेतलं. कुठे थांबायचं, कुठे हात उंचावायचा, कुठे आवाज चढवायचा... सगळं. गौरी, माझी बायको, एकदा म्हणाली, "अरे, तिला तिचं बोलू दे की." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

एक गोष्ट मी साफ विसरलो. वक्तृत्वात तुमच्या मध्ये कोणी बोलत नाही... इथल्या डिबेटमध्ये समोरचा मध्येच उभा राहून प्रश्न विचारू शकतो.

मुक्ताची सुरुवात झकास झाली. मग समोरच्या टीममधला एक उंच, लालसर केसांचा मुलगा उठला. गार्डा जमिनीवर पडलाय, लोक त्याला लाथा मारतायत, त्याला काय सांगशील, जरा थांब म्हणून? हॉलमध्ये टाळ्या. प्रश्न अगदी माझ्याच मनातला होता...

मुक्ता थांबली. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. पाठांतराची साखळी तुटली की काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी जागेवरूनच ओठांनी पुढचं वाक्य सांगायला लागलो, तशी गौरीने मला चिमटा काढला.

मग मुक्ताने हातातला कागद घडी करून ब्लेझरच्या खिशात टाकला. म्हणाली, पडलेल्या गार्डाच्या मदतीला आणखी गार्डा हवेत, त्याला एकट्याला पाठवूच नका. पण त्याच्या नावाने आणलेली स्टन गन उद्या प्रत्येक मोर्च्यात येईल, त्याचं काय?

आणि थेट माझ्याकडे बघितलं. (बोलली इंग्रजीत, मी मराठीत सांगतोय.) "माझे बाबा तुमच्याच बाजूचे आहेत. गार्डांना स्टन गन द्या म्हणतात. आणि मला म्हणतात, तू मोर्च्याला जायचं नाहीस, तुला काही झालं तर?"

इथे ती थांबली. मी शिकवलं होतं त्याहून बराच वेळ थांबली.

"मग बाबा, ती स्टन गन कोणाच्या मुलीसाठी हवीय?"

आधी हॉल हसला. आणि मग ज्या टाळ्या पडल्या म्हणता! माझे कान लाल, डोळे भरलेले.

शेवटी प्रेक्षकांनी हात वर करून मत द्यायचं होतं. स्टन गनच्या बाजूने कोण, असं विचारलं तेव्हा माझा हात काही मांडीवरून उचलेना. विरोधात कोण म्हटल्यावर मात्र मी असा काही हात वर केला की मागच्या बाई दचकल्या. गौरी तोंडाला ओढणी लावून हसत होती.

जिंकली! टीमही जिंकली आणि उत्कृष्ट वक्त्याचं बक्षीसही तिलाच. तो उंच मुलगा स्वतः येऊन "फेअर प्ले टू यू", म्हणजे इथलं शाब्बास, म्हणत तिच्याशी हात मिळवून गेला.

गाडीत मागच्या सीटवरून हळूच आवाज आला... "सो, सॅटर्डे?" म्हटलं, जा. पण मी पण येणार. "ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत चालेल, ती म्हणाली, "बट डॅड, नो स्पीचेस."

काल गेलो. ती पुढे मैत्रिणींबरोबर घोषणा देत, मी मागे तिचं जॅकेट आणि ठेपल्यांचा डबा सांभाळत. कडेला उभ्या असलेल्या एका तरुण गार्डाने माझ्याकडे बघून गमतीने विचारलं, यातली तुमची कुठली?

पुढे नुसत्या पोरींच्या पाठी, वेण्या, फलक... मुक्ता काही दिसेना. म्हणालो, "ऑल ऑफ देम."

तो हसला. मीही हसलो... उत्तर माझं नव्हतं हो, लेकीने शिकवलेलं होतं. आणि हे मात्र पाठ करावं लागलं नाही.