दोघांचा गट

सायकल दुरुस्तीच्या दुकानातल्या काकांना सगळे ठरावकाका म्हणत. पंक्चर काढायचं की ट्यूबच बदलायची, हेसुद्धा ते गिऱ्हाइकापुढे ठराव मांडल्यासारखं विचारायचे. पक्ष मोठा, त्यातला समाजवादी गट छोटा, आणि काका मिसरूड फुटल्यापासून त्या गटात. आत राहूनच पक्षाला गरिबांकडे वळवायचं, हा त्यांचा हट्ट. एके काळी गटाला सभागृह पुरत नसे. मग काही जण रागावून बाहेर पडले, काहींना मंत्रिपदं मिळाली आणि त्यांचा राग पळाला, उरलेले फलकावर काय लिहायचं यावरून भांडले. शेवटी राहिले काका आणि त्यांचा मेहुणा.

तरी शिस्त कडक. पक्षाच्या सभेआधी गटाची बैठक दुकानात, पंक्चरच्या घमेल्याशेजारी व्हायची. तिथे ठरेल तसाच दोघांनी सभेत हात वर करायचा. अध्यक्षपद आळीपाळीने. मतं समसमान पडली, आणि ती नेहमीच पडत, की अध्यक्ष म्हणेल ते खरं.

या खेपेला पक्षाने सांगितलं, गट स्वतःहून मोडा. मेहुण्याला तर नगरपालिकेच्या उमेदवारीचं गाजरही दाखवलं. आणि अध्यक्षपदाची पाळी नेमकी त्याचीच.

"दाजी, मोडूया," तो घमेल्यात बघत म्हणाला. काकांनी विरोध नोंदवला, चहा मागवला आणि तो तसाच थंड होऊ दिला.

सभेत पक्षाध्यक्षांनी विचारलं, "दोघांचीही संमती आहे ना? हात वर करा."

काकांनी उभा जन्म ज्यात घातला ते स्वतःच्याच हाताने मोडायचं! पण शिस्त म्हणजे शिस्त. ग्रीसने काळा झालेला हात त्यांनी वर केला.

मेहुण्याचे दोन्ही हात खिशात.

"दोघांतही एकमत नाही?" पक्षाध्यक्ष वैतागले. सभागृह खो खो हसलं. गट तसाच राहिला, उमेदवारी मात्र दुसऱ्याला गेली.

बाहेर येताच काका कडाडले, "निर्णय तुझा, आणि हात माझा एकट्याचा? शिस्तभंग आहे हा!"

"तुमचा हात वर जाताना बघवेना, दाजी."

काकांना भरून आलं, म्हणून ते आणखीच ओरडले. "उद्या बैठक! अध्यक्ष मी! तुला गटातून काढायचा ठराव मांडतो की नाही बघ!"

"मांडा की. पण अनुमोदन कोण देणार?"

हे काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मीच देतो," मेहुणा म्हणाला. "शिस्त म्हणजे शिस्त."