पाटीवालीचा हात

दुकानांच्या पाट्या हाताने रंगवणारी बाई त्या बाजारात एकच होती, म्हणून सगळे तिला नुसतं पाटीवाली म्हणत. यंत्रावर छापलेल्या पाट्या मिळायला लागल्या होत्या, तरी तिचं काम आटलं नव्हतं. पट्टी न लावता तिची उभी रेघ ओळंब्यासारखी सरळ यायची. कला वडिलांची. त्यांचे हात काही वर्षांपूर्वी थरथरायला लागले आणि थांबलेच नाहीत. तेव्हापासून ते दुकानात स्टुलावर बसून रंग ढवळत. ढवळायला हलता हातच बरा, असं स्वतःच म्हणत.

तिला दिवस गेले तेव्हा घर आनंदून गेलं. पण दुसरा महिना सरता सरता तिचं तंत्र बिघडलं. पोटात काही ठरेना, ते सगळ्यांना ठाऊक असलेलं दुखणं. बाकीचं कुणी सांगितलं नव्हतं. नवरा पांघरूण ओढायचा आणि ही पंखा वाढवायची. बसल्या जागी छाती जिना चढल्यासारखी धडधडायची. नवऱ्याने चमचा जरा जोरात ठेवला म्हणून ती त्याच्यावर धावून गेली, मग रडली, मग दोन्हीचं खापर त्याच्याच डोक्यावर फोडलं. नवरा बेकरीत पीठ मळणारा. फुगलेलं आपोआप बसतं, अशा विचाराचा.

हे सगळं तिने निभावून नेलं असतं. पण एका दुपारी चष्मेवाल्याच्या पाटीवर पहिलंच अक्षर काढताना ब्रशचं टोक हललं. पुसून पुन्हा काढलं, पुन्हा हललं. तिने हात डोळ्यांसमोर धरला. बोटं बारीक थरथरत होती. हात पटकन एप्रनच्या खिशात गेला. वडिलांनी पाहिलं होतं, पण ते मान खाली घालून रंग ढवळत राहिले.

आपल्याला वडिलांचंच दुखणं लागलं, हात गेला, असं तिने मनाशी धरलं. पोरीला आपण हेच दिलं, असं त्यांनी. दोघं दिवसभर एका खोलीत बसून हवापाण्याच्या गप्पा मारत. चष्मेवाल्याला रोज नवी सबब मिळे: रंग पातळ निघाला, फळी ओली आहे. तो म्हणे, सावकाश काढा, पण सरळ काढा. वाकडं दिसलं तर गिऱ्हाईक आपल्याच डोळ्यांना दोष देईल, धंद्याला बरंच आहे म्हणा.

तपासणीच्या दिवशी वडील चपला घालून आधीच दारात उभे. बायकांच्या दवाखान्यात तुमचं काय काम, असं तिने विचारलं, तर म्हणाले, नुसता बसेन. रांगेतल्या एका थट्टेखोर बाईने त्यांना कितवा महिना म्हणून विचारलं. त्यांनी गंभीरपणे तिसरा म्हणून सांगितलं.

आत डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, भुवया उंचावल्या आणि तिला दोन्ही हात पुढे पसरायला सांगितले. बोटांवर एक कोरा कागद ठेवला. खोलीतला पंखा बंद होता, तरी कागद फडफडला.

वडील उठून तिच्या शेजारी आले आणि त्यांनीही आपले हात पुढे केले.

"माझ्यावरही ठेवा. हे तिला माझ्याकडूनच आलंय ना, खरं सांगा."

डॉक्टरीणबाईंनी त्यांचेही हात नीट पाहिले. "आजोबा, तुमचं वेगळं दिसतंय. हिचं मला गळ्यातल्या ग्रंथीचं वाटतंय. रक्त तपासू, मग बोलू."

अहवाल आला तेव्हाही वडील बरोबर होते. डॉक्टरीणबाईंनी समजावलं: गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉइडची ग्रंथी असते, शरीराचा वेग ती सांभाळते. पहिल्या महिन्यांत गर्भामुळे जे संप्रेरक रक्तात भराभर वाढतं, ते या ग्रंथीलाही डिवचतं आणि काहीजणींची ग्रंथी जरा जास्तच धावते. म्हणून धडधड, घाम, थरथर. ग्रंथीच आजारी असती तर औषध लागलं असतं, पण त्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. हे बहुतेक चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरतं. रक्त पुन्हा तपासायचं. धडधड वाढली किंवा पाणीही पोटात ठरेना, तर तडक यायचं.

"म्हणजे माझ्याकडून नाही," वडील म्हणाले.

"नाही. हे पोटातल्याचे उद्योग."

बाजारात पोचेपर्यंत ती ग्रंथी पाटीवालीची राहिली नव्हती. वडिलांनी ती बेकरीत सांगितली, कुलपं दुरुस्त करणाऱ्याला सांगितली. नातवंड येण्याआधीच घराचा ताबा घेतंय, असं म्हणून हसले. चष्मेवाला संध्याकाळभर स्वतःचा गळा चाचपत होता.

तिला मात्र डॉक्टरांच्या त्या 'बहुतेक'वर झोप लागत नव्हती. रोज सकाळी ती टाकाऊ फळीवर एक रेघ ओढून बघे. आधी रेघेला सुरवंटासारखे केस फुटत. मग केस कमी झाले. ओकाऱ्या थांबल्या, नवऱ्याला पांघरूण पुरायला लागलं. चौथा महिना भरला तेव्हा रक्तही जवळजवळ ठिकाणावर आलं होतं.

शिडीवर चढायचं नाही, हे नवऱ्याने बजावलं होतं. म्हणून पाटी दोन बाकांवर आडवी ठेवली. चष्मेवाला मुद्दाम समोर बसला. वडील तिच्या मागे भिंतीलगत स्टूल ओढून बसले, मान पुढे काढून. पहिली रेघ वरून खाली आली, सरळ. दुसरी आली. मधल्या अक्षराची मोठी गोलाई उरली होती. तिने श्वास रोखून ब्रश टेकवला आणि एका दमात फिरवून उचलला. तेवढ्यात मागून घोरण्याचा आवाज आला. भिंतीला डोकं टेकून वडील गाढ झोपले होते. इतक्या आठवड्यांत असे झोपले नव्हते.

चष्मेवाल्याने हळूच विचारलं, उठवू का, बघायला.

"राहू द्या," ती म्हणाली आणि पुढच्या अक्षरासाठी ब्रश रंगात बुडवला.